न धुतलेला चोथा

मुलुंड. रविवार, संध्याकाळ.

नयनाने माझ्या अनंताच्या झाडाची पार वाट लावली. समोरच्याच दारात राहते, म्हणून भावाच्या लग्नाला मालवणला जाताना कुंडी तिच्याकडे ठेवली. आज आणायला गेले तर मातीवर बुरशी, पानं पिवळी, मुंग्यांची रांग थेट खोडावर. सात कळ्या सोडून गेले होते. सातही गळून पडलेल्या.

"अगं, रोज चहाचा चोथा घातला ना. तूच सांगितलंस," म्हणे. दुधासाखरेत उकळलेला चोथा, गाळणं तसंच कुंडीत उपडं! आईने फांदी लावून जगवलेलं झाड ते. ती गेल्यावर पहिल्यांदाच एवढ्या कळ्या आल्या होत्या. चोथा धुऊन घालायचा असतो, एवढी अक्कल नको?

"नर्सरीतून नवीन आणून देते गं."

"राहू दे. तुझ्या घरात प्लास्टिकचीच फुलं बरी," मी म्हटलं. तिच्या नवऱ्यासमोर म्हटलं. तोंड उतरलं तिचं. उतरू दे.

मग घरी येऊन वरची माती खरवडली. हाताला अजून आंबलेल्या चहाचा वास येतोय. खरवडता खरवडता आठवलं, जाताना मी तिला घाईत चिठ्ठी लिहून दिली होती. सकाळचं ऊन, एक दिवसाआड पाणी, चहाचा चोथा. बस. धुऊन घाल, असं लिहिलंय का मी? नाही लिहिलेलं.

चिठ्ठी तिच्या फ्रीजवर अजून लावलेली आहे, मघाशीच दिसली. उद्या माफी मागायच्या निमित्ताने आत जाईन आणि काढून आणीन. तिने ती पुन्हा वाचायच्या आत.