हळदीचा शिक्का : गंगापूर रोडवरील बंगल्याबाबत

मी, वाल्मीक फकिरा विधाते, वय ७९, राहणार गंगापूर रोड, नाशिक, सुरक्षा छापखान्यातून निवृत्त कागद-तपासनीस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे थकले आहेत. डोके शाबूत आहे.

१. पिंपळगाव बसवंतचा द्राक्षमळा मुलगा रविराज याला. ठेवी मुलगी हर्षाली हिला. माझे तपासणीचे भिंगही तिलाच. रविराज ते नारळाची शेंडी जाळायला वापरील.

२. राहता बंगला वडिलांनी पुढे द्राक्षांच्या कमाईतून विकत घेतला आणि मृत्युपत्राने मला दिला. त्याची हकीकत इथे लिहिणे आवश्यक आहे.

युद्धाच्या काळात या बंगल्यात एका लहानशा परदेशाची वकिलात होती. वडील तिथे माळी होते. १९४० च्या उन्हाळ्यात तो देश शेजाऱ्याने गिळला. मागे देश उरला नव्हता, तरी वकील साहेब, म्हणजे त्या देशाचे प्रतिनिधी, आपल्या अडकलेल्या माणसांना पासपोर्ट देत राहिले. कागद नसता तर त्यांना जहाजावर कुणी घेतले नसते.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला वडिलांनी कुदळ, कोयता, खुरपे मांडून साहेबांनाही त्यांचे हत्यार मागितले. साहेबांनी पितळी शिक्का दिला. वडिलांनी ओल्या हळदीचे बोट थेट शिक्क्याच्या तोंडावर लावले. एवढ्यात ओसरीवर अकरा माणसे येऊन उभी राहिली.

वडील म्हणाले, "साहेब, आज हत्याराला सुट्टी. पूजेतून उचलायचं नसतं."

"फकिरा, यांचं मुंबईहून जहाज उद्या आहे."

"मग उचला. पण हळद तरी पुसू नका."

साहेबांनी ती पुसली नाही.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली आणि खरे सांगायचे तर निम्मीच खरी धरून चाललो. जाताना साहेबांनी शिक्का वडिलांकडे ठेवला. आमच्या घरी तो दर खंडेनवमीला पूजेत बसतो.

३. सन २०१९ मध्ये आना नावाच्या परदेशी बाई आईचा जुना पासपोर्ट घेऊन दारात आल्या. त्याच सकाळी रविराजने मोजणीसाठी बिल्डरची माणसे आणली होती. त्याचे शब्द जसेच्या तसे नोंदवतो : "दादा, एका पितळी दट्ट्यासाठी सात मजले सोडायचे?"

बाईंनी पासपोर्टचे पान उघडले. शिक्क्याच्या ठशावर पिवळा डाग होता. हर्षालीने मला त्यांचे बोलणे सांगितले, "दादा, त्यांची आई म्हणायची, चहा सांडला असेल."

मी भिंग लावले. चौतीस वर्षे मी कागदावरचे डागच पाहिले. सांडलेला डाग कडेने पसरतो. हा पसरला नव्हता. तो शिक्क्याच्या रेषांच्या आत, शाईबरोबर दाबून बसला होता.

"चहा नाही," मी म्हणालो, "हळद आहे. माझ्या बापाची."

हर्षालीने ते त्यांना सांगितले. बाई जिथे साहेबांचे टेबल होते त्या फरशीवर बसल्या आणि तळहात टेकून राहिल्या. रविराज दारातून मागे फिरला आणि बूट काढून आत आला. त्या खोलीत तोवर तो बूट घालूनच वावरला होता.

४. बिल्डरचे फोन त्याला अजून येतात, हे मला माहीत आहे. म्हणून बंगला दोघांना समान. शिक्का मात्र एकट्या रविराजला. हर्षालीने रागावू नये. तिला त्याची गरज नाही.

५. बंगला विकण्याच्या वा पाडण्याच्या कागदावर दोघांच्या सह्यांबरोबर हा शिक्का उमटवावा, खंडेनवमीला, हळदीसह, रविराजने स्वतःच्या हाताने. अकरा माणसे तारणारा शिक्का त्याच्याने या कामासाठी उचलवतो का, हे त्याचे त्याने पाहावे. उचलवला, तर माझी हरकत नाही.

आज खंडेनवमी. वडिलांनी एकदा मोडू दिलेला नियम मी दुसऱ्यांदा मोडून माझ्या सहीशेजारी शिक्का उमटवला आहे. पिवळे दिसते ते पुसू नये.

वाल्मीक फकिरा विधाते (सही)

आमच्यासमक्ष सही केली :
१. गोरक्ष थेटे, शेजारी (सही)
२. डॉ. रोहिणी जेजुरकर (सही)

नाशिक, १ ऑक्टोबर २०२५