कंगव्याने ओढलेला रस्ता

प्रिय सीताराम,

खर्र… खर्र… तुझ्या त्या तुटक्या कंगव्याचा आवाज सकाळपासून कानात आहे. दोनच दात ठेवून बाकीचे तू मुद्दाम मोडले होतेस. ताडपत्रीच्या पट्टीवर ओली पुट्टी थापायची, तिच्यावरून कंगवा ओढायचा. मागे आपल्या खेळातल्या इवल्या रस्त्यावर बैलगाडीच्या चाकोऱ्या उमटत जायच्या. मी शेजारी बसून शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचो आणि तुझा हात नकळत लगागा लगागा चालायचा. मग टेबलावर डोंगर, खिंड, बोटाएवढे मावळे, आणि आपली लढाई. जयावहिनी म्हणायच्या, "साठी उलटली तरी बाहुल्या सुटत नाहीत!"

दोन वर्षं झाली आपली गाठ नाही. आज चौथ्यांदा लिहायला बसलोय. दोन ओळी होतात, उठतो, गॅलरीत जातो, उगाच खाडीकडे बघतो, परत येतो.

मी स्वतः रस्ता करून पाहिला. हस, हस. वाळू चाळली, चहाचा चोथा वाळवून कडेला गवत म्हणून लावला. उचलला आणि सगळीकडे तडे! पुट्टीत फेविकॉल किती घालायचास, कधी विचारलंच नाही मी. दुसरा टिकला, पण अरुंद. मावळ्याच्या पायांचं माप घेतलं. तो ज्या चकतीवर उभा असतो तिचं राहिलंच. चकती कडेवर चढते आणि गडी आडवा. तू किती वेळा सांगायचास, "भाऊ, रस्ता नुसत्या माणसाला पुरून चालत नाही रे, त्याच्या बैठकीला पुरला पाहिजे." मी आपला कवितेत.

ते रबरी रस्ते मात्र मीच निवडले. मोबाइलवर चित्र बघून मागवले, तुला न विचारता अंथरले. काळेभोर, गुळगुळीत, मधे पांढरा पट्टा. शिवकाळातल्या खिंडीत हायवे! तू त्यांच्यावर एकही मावळा ठेवला नाहीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. उलट, डबा घेऊन आलेल्या वहिनींसमोर मी म्हणालो, "तुझ्या गटारांपेक्षा हे झकास ना?" तू आपले रस्ते गुंडाळलेस, बुटाच्या खोक्यात ठेवलेस आणि जिना उतरलास. मी थांब म्हणालो नाही. थट्टाच होती ती, असं स्वतःला दोन वर्षं सांगतोय, पटत नाही.

आता पत्राचं खरं कारण. आमची इमारत पाडणार. महिनाअखेर खोली रिकामी करून नीलमकडे बोरिवलीला जायचंय. लेकीचं घर चांगलं आहे, पण हे टेबल तिथे मावत नाही, मोडावं लागेल. त्याआधी एकच रविवार उरलाय. रबर मी केव्हाच काढून टाकलं. खिंड मांडलीय, मावळे दोन्हीकडे उभे आहेत आणि मधे रस्ताच नाही. तुझे रस्ते घेऊन ये. आणि त्या दिवसाबद्दल मला

बेल वाजली. थांब हं.

जयावहिनी! तीन जिने चढून धापा टाकतायत, काखेत बुटाचं खोकं. म्हणतात, "ह्यांनी तुमच्या गेटवरची पाडकामाची नोटीस वाचली. रोज फिरायला म्हणून निघतात, तुमच्या गेटपर्यंत येतात आणि माघारी फिरतात. आज मला म्हणाले, वर जाऊन बघून ये, ते रबर अजून आहे का." तू खाली उभा आहेस म्हणे. वहिनींना पाणी दिलंय, हे उभ्याउभ्याच लिहितोय. त्या म्हणतात, द्या, मी नेते चिठ्ठी. नको. त्या दिवशी मी जिना उतरलो नव्हतो. हे पत्र घेऊन मीच येतोय.

तुझाच,
भाऊराव