मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या

१८ नोव्हेंबर
छाती स्वच्छ! मागच्या दिवाळीत दम्यानं दवाखान्यात पडलो, तेव्हापासून गर्दी दिसली की श्वास अडकतो. डॉक्टर म्हणाले, 'आता होतंय तो दमा नाही, भीती आहे. मानसोपचाराच्या बाईंचा नंबर देतो, भेटाच.' चिठ्ठी खिशात कोंबली. हेमाला सांगितलं – धूळ सोसत नाही म्हणाले.

दमेकऱ्याला बायको गरम पाणी आणून देते. भित्र्याला कोण देतंय!

२३ नोव्हेंबर
धाकटी बहीण पूर्णिमा आली होती, विश्रांतवाडीहून. तिच्या वैष्णवीचं लग्न येत्या रविवारी. भाचीला मंडपात मीच न्यायचं, एकुलता एक मामा! चारेकशे माणसं, सगळ्यांचे डोळे आमच्यावर. बोलून गेलो – दम्यानं उचल खाल्लीय गं, होमाचा धूर असतो ना... ती लगेच, 'दादा, काळजी नको करूस. बघते मी.'

२५ नोव्हेंबर
पूर्णिमानं होम कार्यालयाबाहेर मोकळ्यावर ठेवलाय. उदबत्ती नाही, फटाके नाहीत, अत्तरसुद्धा बंद! व्याह्यांनी विचारलं म्हणे, 'अक्षता तरी टाकायच्या ना?' माझ्या खोटेपणापायी तिनं हे ऐकून घेतलं. लाज वाटते. तरी तोंड उघडलं नाही.

३० नोव्हेंबर
गेलो होतो. फेटा बांधून, कार्यालयाच्या पायरीपर्यंत. हेमा पुढे गेली. आत गुरुजी माईकवर – 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या!'

धूर नव्हता. कसलाच वास नव्हता. तरी श्वास अडकला. दम्याचा पंप मारला, पुन्हा मारला, काही फरक नाही. परत माईक – 'मुलीचे मामा कुठायत?'

रिक्षा केली आणि पळालो. फेटा डोक्यावर तसाच. रिक्षावाला म्हणतो, 'काका, लग्न लागलं का?' हो म्हटलं.

१ डिसेंबर
फोनवर फोन. 'दमा कसा आहे आता?' मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेमा सांगत होती, वैष्णवीनं माझ्या जागी कुणालाच येऊ दिलं नाही. काकालाही नाही. एकटी चालत मंडपात आली.

जेवण गेलं नाही.

४ डिसेंबर
वैष्णवी आली. हातात हिरवा चुडा, माझ्यासाठी लाडवांचा डबा. सांगून टाकलं – दमा नव्हता गं, घाबरलो. चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. आता बोलेल, बोलायलाच हवं. तिनं नंबर लावला, फोन माझ्या हातात दिला.

'आधी सांगायचं ना, मामा! मीच तुमचा हात धरून नेलं असतं.'