डोळ्यात पडलेलं फूल

१२ नोव्हेंबर १९७२
रविवार गेला बोंबलत! बॅडमिंटनच्या दुहेरीत सोपान आणि मी एकाच फुलावर धावलो. दोघंही ‘माझं, माझं’ ओरडतोय, आणि त्याची रॅकेट फाटकन मोडून माझ्या डाव्या डोळ्यावर! लाकडाची चीप आत गेली. डॉक्टरांनी काढली, पट्टी बांधली. माझ्यापेक्षा सोपानच जास्त रडला, गाढव!
जानेवारीत मुंबईला निवड. निवड झाली की मार्चात लंडनची मोठी स्पर्धा. पट्टी तोवर सुटायलाच हवी.

३ डिसेंबर
पट्टी सुटली. डावीकडं धुरकट दिसतं. होईल हळूहळू.
गेल्या मार्चात लंडनला हार्टोनोच जिंकला, पाचव्यांदा! म्युनिकच्या ऑलिंपिकलाही तोच. पहिल्याच फेरीत त्याच्याशी गाठ पडली तरी चालेल. शून्यावर हरलो तरी चालेल. नाही, शून्य नको. तीन गुण तरी घेईन.

१० डिसेंबर
खर्ड्याहून बनुआत्या आली. तिकडं प्यायला पाणी नाही, म्हणून आली. मला बघितलं आणि हनुवटी धरून उजेडाकडं वळवलं.
“गोरक्ष्या, तुज्या डोळ्यात फूल पडलंय की रं!”
आई भाकरी थापता थापता हसली. “अवो ताई, त्याच्या डोळ्यात दुसरं काय असनार? जागेपनी फूल, झोपंत फूल!” आबा हसले, धाकटी भागी तर लोळलीच. मीही हसलो. आत्या नाही हसली.
बुबुळावर पांढरं पडलं की त्याला फूल म्हणतात, हे आईला काय ठाऊक नाही? पण ह्या घरात फूल म्हटलं की शटलच!
मग आरशात पाहिलं. आहे. साबुदाण्याएवढं.

२२ डिसेंबर
नगरला डॉक्टरांकडं एकटाच गेलो. म्हणाले, “हा डोळा गेलाय. काढून टाकू. नाहीतर ह्याच्यापायी चांगलाही जाईल.” मी म्हटलं, निवड झाल्यावर काढा. एकडोळ्याला लंडनला कोण पाठवणार? ते चिडलेच. “उजव्याला उजेड खुपायला लागला तर त्याच दिवशी यायचं. कळलं?”
घरी सांगितलं, थेंब दिलेत.

७ जानेवारी १९७३
डावीकडून आलेलं फूल अंगावर आल्यावर दिसतं. मग युक्ती काढली — मान आधीच वळवून उभं राहायचं. लई भारी चालते!
सोपानला कळलंय. “आबांना सांगू का?” म्हणाला.
“सांगून तर बघ! तंगडं मोडीन.”


१५ जानेवारी
हॉलमधले दिवे कुणी एवढे वाढवलेत? टोचतात नुसते. सोपानला म्हटलं तर तो माझ्याकडं बघतच राहिला. “अरे, वीजकपात चालू हाय. निम्मे दिवे बंद हायत.”
झोप कमी झाली असेल.

२८ जानेवारी
निवड झाली! झाली, झाली, झाली!
केडगावात आबांनी घरोघरी पेढे वाटले. भागी अंगणभर नाचली. आईनं ओवाळलं तेव्हा निरांजन समोर आलं आणि उजव्या डोळ्यात सुई घुसल्यासारखं झालं. डोळे मिटून घेतले. आई आत्याला म्हणते, “बघा, पोरगं देवाचं नाव घेतंय.”
भीती वाटते. खरं सांगतो, लई भीती वाटते. आबांना आज कसं सांगू? आयुष्यात पहिल्यांदा गावातल्या बड्या लोकांच्या मांडीला मांडी लावून हसत बसलेत.
उद्या जातो डॉक्टरांकडं. उद्या तालमीत सत्कार ठेवलाय. परवा.

२ फेब्रुवारी
पाऊस नाही, मग सगळीकडं धुकं कसलं?

९ फेब्रुवारी
ओळीवर ओळ चढते. आता कळेना काय

२६ मार्च
मी भागीरथी, दादाची बहीण. तो सांगतोय आणि मी लिहितेय. म्हणतो, “लिही. लंडनला हार्टोनोच. सहाव्यांदा.” मग विचारलं, पेपरात फोटो आलाय का त्याचा? मी म्हटलं, आलाय, मोठा आलाय. कसा आहे? मी सांगितलं, उडी मारलीय, हात वर आहे, फूल रॅकेटवर टेकलंय बघ. दादा खूप वेळ हसत होता.
पेपरात फोटो नव्हता.