बाई, पाच तास मी मनानंच सांगितले होते

बाई, हे लिहायचं मी किती वर्षं टाळलं ते सांगायचीसुद्धा लाज वाटते. कागद मनमाडला घेतला होता. मग एका ढाब्यावर तीन महिने राहिलो, तिथून ट्रकबरोबर इंदूरला गेलो, तिथं एक सर्कसवाला भेटला, त्याच्याकडं एक म्हातारा उंट होता... हे बघा, झालं सुरू. सातवीत मी निबंध लिहायला लागलो की तुम्ही मागून म्हणायचात, "गाडी रुळावर आण." आणतो. आज कोनला, गावच्या घरी आहे. आई कल्याणला गेलीय, घरात कुणी नाही. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली.

दादा नव्वद साली श्रीलंकेहून आला आणि थोड्या महिन्यांत पलटणीतून सुटून कायमचा घरी आला. हातपाय धड होते, म्हणून सगळ्यांनी देवाला नारळ फोडला. पण तो दाराकडं तोंड करूनच बसायचा. भिवंडीत चाचांच्या कापड विणायच्या लूमवर कामाला लागला आणि तिथल्या खडखडाटात त्याला जरा बरं वाटायचं. शुक्रवारी लूम बंद, सगळीकडं शांत, की याला घरात बसवायचं नाही. चाचांनीच तुम्हाला सांगितलं, "बाई, तुमचा विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी येऊन बंद लूमपाशी बसतो. हमसे देखा नहीं जाता." तुम्ही तेव्हा नुकत्याच शाळेतून निवृत्त झाला होतात. दादासारखे फौजेतून परतलेले आजूबाजूच्या गावांतले आणखी चारपाच जण तुम्ही शोधून काढलेत, आणि चाचांच्या तागे ठेवायच्या खोलीत शुक्रवारी दुपारी बैठक सुरू झाली. त्यांच्या बायकांनाही बोलावलंत.

तिथं तुम्ही केलंत काय, तर हजेरी घेतलीत. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं आणि काल रात्री किती तास झोप लागली ते सांगायचं. डोक्याचं काही विचारलं की आमच्याकडं माणसाला एकदम ठाण्याचं वेड्यांचं इस्पितळ दिसतं. झोपेचं सांगायला कुणाला लाज नाही. पहिल्याच नावाला एक मिशाळ हवालदार ताडकन उभा राहून सावधान झाला. "अहो, बसा, परेड नाही ही," तुम्ही म्हणालात. दादा हळूच म्हणाला, "हजर. दोन तास." मागून वहिनी बोललीच, "दोन कसले! रातभर दाराकडं बघत बसले व्हते. आन मी त्यांच्याकडं. माझे तास कोन लिवणार, बाई?" खोली हसली. तुम्ही हसला नाहीत. पट्टी घेऊन वहीत बायकांसाठी वेगळा रकाना आखलात. चहा घेऊन आलेले चाचा म्हणाले, "मग आमचा पण लिवा. बीवीचे खर्राटे, एक घंटा." दादाही हसला. मला अजून दिसतो तसा.

जो आला नाही त्याच्या घरी तुम्ही बैठक सुटल्यावर तडक जायचात, टेम्पो मिळेल तो पकडून. घरच्या माणसानं येऊन तास सांगितले तर मात्र जायचा नाहीत. घरच्यांवर विश्वास ठेवायचा, असं तुमचं म्हणणं.

पुढं वहिनीच्या रकान्यात एक, दीड असेच आकडे यायला लागले. तुम्ही तिला म्हणालात, "आठ दिवस दिघाशीला आईकडे जा आणि नुसती झोप. याच्याकडे धाकटा बघेल. बघशील ना रे?" मी वीस वर्षांचा. म्हटलं, "बघतो की." निघताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्यांच्याजवळ नुसतं बसा. बोललं न्हाय तरी चालंल."

तीन दिवस बसलो. चौथ्या दिवशी वडप्याला हायवेवर गेलो होतो, तिथं ओळखीचा ड्रायव्हर म्हणाला, नाशिकला जाऊन येऊ, संध्याकाळी घरी. संध्याकाळ कसली, दोन दिवस गेले. शुक्रवारी दुपारी परस्पर चाचांच्या खोलीत आलो. वाटलं, दादा तिथं असेलच. तुम्ही त्याचं नाव पुकारलंत. तो खोलीत नव्हता. शाळेत दोस्ताची हजेरी लावायचो तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "हजर. पाच तास." तुम्ही चष्मा वर केलात. "पाच? आणि आता कुठे आहे?" "घरी झोपलाय, बाई." तुम्ही पाचाचा आकडा केवढ्या आनंदानं काढलात!

तो झोपला होता का, जेवला होता का, मला काहीच ठाऊक नव्हतं. वर आणखी मी चाचांच्या बंद लूमवर नवीन साडीचा अर्धा विणलेला मोर बघत तासभर उभा. घरी पोचलो तर आई म्हणते, "आत्ताच गेला बघ पाय मोकळे करायला, खाडीकडं." पोरगा शांत आहे म्हणजे बरा आहे, असं आईला वाटायचं. दादा सापडला तिसऱ्या दिवशी, खाडीत.

तुम्ही आलात, ओटीवर वहिनीजवळ बसलात. "चूक माझी आहे. मी तुला पाठवायला नको होतं." वहिनी म्हणते, "न्हाय बाई, मीच गेले ना." तुमच्या दोघींची ओढाताण चाललीय, ते ओझं तुम्ही एकमेकींच्या हातातून काढून घेताय, आणि मी तांब्या घेऊन उभा आहे. पाणी दिलं. तांब्या ठेवायला आत गेलो. पुढच्या शुक्रवारी बैठक झाली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तो हवालदार मला नाक्यावर भेटला. "बाई पुन्हा कधी बसणार रे?" मी म्हटलं, माहीत नाही. माहीत होतं. तुमचा स्वतःवरचा भरवसा मी मोडला होता, आणि त्यापायी त्या चारपाच घरांची शुक्रवारची जागाही गेली.

बाई, तुमचा सल्ला बरोबर होता. वहिनीला झोपेची गरज होतीच. मी त्या दिवशी 'माहीत नाही' म्हटलं असतं तर तुम्ही तीन वाजता टेम्पोत बसला असतात. दादा घरातून निघाला चारनंतर. तुम्ही पोचल्यावर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. पण तुम्ही पोचला असतात. हेच सांगायला लागू नये म्हणून मी गावोगाव फिरतो, लोक मला हौशी समजतात. आणि खरं सांगू? हे सांगायला हवं होतं वहिनीला. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाहीत.

फाटक वाजलं. आई इतक्या लवकर कशी?

आई नाही. वहिनी आहे. माहेरी गेल्यापासून आठ वर्षांत या घराची पायरी चढली नव्हती. आईच्या गुडघ्याला तेल घेऊन आलीय, मी असेन असं तिला वाटलं नव्हतं. समोर उभ्यानंच पाणी पितेय आणि कागदाकडं बघतेय. "काय लिवता, भाऊजी?"

बसा, म्हटलं. सांगतो.