एकटीने उभा करायचा तंबू

बाई, तुम्हाला पत्र लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही हे ठाऊक नसताना लिहिते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. शाळेत मी तुमच्याशी सलग तीन वाक्ये कधी बोलले नाही, आणि जी बोलले त्यांतली बहुतेक ‘हो बाई’ अशीच होती. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते. त्याला आता बारा वर्षे झाली. मी अजूनही वर्गात हात वर न करणारी मुलगीच आहे. फरक इतकाच, की आता चिखलीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसते आणि गप्प राहण्याबद्दल मला पगार मिळतो.

लिहिण्याचे कारण असे, की मी एकटीने सातपुड्यात राहायला निघाले आहे. पंधरा दिवस, तंबूत. जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, अभयारण्याच्या हद्दीबाहेर एक टेकडी आहे. तिथे राहण्याची लेखी परवानगी वनखात्याकडून मिळाली आहे. मला तिथली गवते पाहायची आहेत. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी अशी चाळीस गवतांची नावे मला शास्त्रीय नावांसह पाठ आहेत, आणि बांधावर उभी राहिले तर त्यांतली चारसुद्धा ओळखता येत नाहीत. तुम्ही आत्ता हसलात, हे मला दिसते आहे.

सामान जमवण्यात गेलेला महिना फार सुखाचा होता. तंबू, झोपायची पिशवी, कपाळाला बांधायचा दिवा, चहाच्या डब्याएवढा स्टोव्ह, पाणी शुद्ध करायचे थेंब, जमिनीवर अंथरायला ताडपत्रीचा तुकडा. आईने ज्वारीच्या लाह्यांचे पीठ दळून दिले आणि जवसाची चटणी इतकी दिली, की टेकडीवर लग्न लागले तरी पुरावी. सगळे पाठीवर पेलले पाहिजे, म्हणून वजन करायला मी पाठपिशवी घेऊन अडत दुकानात गेले. सोयाबीनची पोती बाजूला सारून अडतकाकांनी ती काट्यावर ठेवली. “सोळा किलो! काय भरलं वं यात, सोयाबीन का तूर?” मी खाली मान घालून म्हणाले, “पुस्तकं.” त्यांनी माझ्याकडे पाहिले, काट्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मंग ओलावा जास्त हाये. वाळवून आन.” पाचांपैकी चार पुस्तके मी तिथेच पोत्यावर काढून ठेवली. तेवढे वाळवण पुरले.

पण आईची अट होती. ती रागावली नाही, रडली नाही, मेथी निवडता निवडता एवढेच म्हणाली, “तिथं तुह्या मदतीले कोनी येनार नाही. आंगनात तो तंबू एकटीनं उभा करून दाखव. उभा राह्यला तं जा. पडला तं थैली माळ्यावर.” रजा मंजूर झालेली, परवानगीच्या कागदावर तारखा पडलेल्या, आणि सारे येऊन ठेपले ते एका कापडाच्या घरावर. त्या दिवसापासून मला तुमची फार आठवण येऊ लागली. तुम्ही भूगोल शिकवत होतात म्हणून नव्हे, तर शाळेत तुम्ही घेतलेल्या गर्ल गाईडच्या परीक्षेमुळे.

त्या परीक्षेत दाव्याच्या गाठीवर मी पाऊण पान लिहिले आहे. ‘जनावराच्या ओढीने ही गाठ आवळते; मात्र मोकळे टोक माणसाने ओढताच ती सुटते.’ दहापैकी दहा. तुम्ही वही मिटता आणि मला मैदानाच्या कडेला नेता. तिथे शिपाईमामांचे तांबडे वासरू उभे आहे. तुम्ही दावे माझ्या हाती देता, खुंट्याकडे बोट दाखवता. मी बांधते, दोन पावले मागे सरते, आणि वासरू चालू लागते ते थेट मुख्याध्यापकांच्या शेवंतीच्या वाफ्यात. ते चार झाडे फस्त करेपर्यंत मी जागची हलत नाही. वर्गात प्रमाण मराठीचा आग्रह धरणाऱ्या तुम्ही वर्गाबाहेर वऱ्हाडी बोलत असा. म्हणालात, “तुह्या वहीत गाठ पक्की हाये पोरी. पन वासराले वाचता येत नाही वं.” मला जमीन दुभंगावी असे वाटले. मग तुम्ही पदर खोचून माझ्याशेजारी धुळीत बसलात, आणि मधली सुट्टी संपेपर्यंत माझ्या बोटांकडून ती गाठ बांधून घेतलीत. वासराने शेवंती खाल्ली, ही गोष्ट मुख्याध्यापकांना तुम्ही कधी कळू दिली नाहीत.

काल सकाळी अंगणात तंबू पसरला. सोबतचा कागद इंग्रजीत होता आणि त्यातल्या आकृत्या कोणत्याही भाषेत नव्हत्या. वारा सुटलेला. शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. “मांडव टाकून राह्यली का वं? नवरदेव कुठचा?” पहिल्यांदा तंबू माझ्यावरच कोसळला. दुसऱ्यांदा दोरीची प्लॅस्टिकची पकड तुटली. काकू म्हणाल्या, “राहू दे वं, आत स्वयंपाक कर जाय.” तेव्हा मी कागद घडी करून बाजूला ठेवला आणि खुंटीला दाव्याची गाठ मारली. बोटांना ती आठवत होती; मला आठवत नव्हती. एक कोपरा बसला, दुसरा, तिसरा. प्रत्येक झोताबरोबर गाठ आवळत गेली. चौथ्या कोपऱ्याकडे धावले, तेवढ्यात मोठा वारा आला, आणि कापड फुगूनही तंबू उभाच राहिला. काकूंनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, “जाय मंग.”

आज निघते आहे. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकावे हे मला कळत नाही, म्हणून ते घरीच, कपाटात ठेवते आहे. काल मी सगळ्यांना अभिमानाने सांगितले, की तंबू एकटीने उभा केला. खरे असे, की चौथी खुंटी मी ठोकलीच नव्हती. वाकून पाहिले तेव्हा त्या दोरीवर आईचा पाय होता, आणि ती वाळत घातलेल्या लुगड्याकडे बघत, जणू अंगणात दुसरे काही चाललेच नाही अशी उभी होती. मी खुंटी ठोकली, गाठ मारली, तेव्हा तिने पाय काढला. पाहिल्याचे मी तिला अजून सांगितलेले नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे.