ओल्ड जेटी, फेरीमन आणि एक न पेटवलेला पाइप

मी, सरोज मधुकर बेहेरे, वय ब्याऐंशी, निवृत्त विज्ञानशिक्षिका, राहणार भवानीपूर, कोलकाता, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी त्यांना विचारले, रक्तदाबाच्या यंत्रातला पारा हल्ली कुठे गेला? वार मी बरोबर सांगितला.

१. राहता फ्लॅट, बँकेतील ठेवी व दागिने माझी एकुलती मुलगी डॉ. तेजस्विनी हिला मिळावेत. ती दातांची डॉक्टर आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. माझी भिंगे, लोहचुंबक आणि काचेचे लोलक मात्र माझ्या जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेत द्यावेत. ते माळ्यावर टाकू नयेत. मी तिला ओळखते.

२. आता हावड्याच्या बंद झालेल्या कारखान्यातून माझ्याकडे आलेल्या वस्तूंविषयी, म्हणजे ठोकण्याचे दोन ठसे आणि न विकलेल्या पाइपांची एक ट्रंक. माझे सासरे कै. सदाशिव बेहेरे तंबाखूचे पाइप बनवत. ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाचे ठोकळे परदेशातून खिदिरपूरच्या गोदीत उतरत. ठोकळा बाहेरून कितीही देखणा असला तरी आत खडा आहे की पोकळी, हे लेथवर चढवल्याशिवाय कळत नसे. लग्न होऊन आल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की खोट निघाली तर त्या पाइपाचे काय करता?

"त्याला दुसरं नाव देतो," सासरे म्हणाले.

निर्दोष पाइपावर 'ओल्ड जेटी'चा ठसा. बारीक खड्डा निघाला तर लुकण भरायचे, गडद रंग द्यायचा आणि 'फेरीमन'चा ठसा मारायचा. खड्डा मोठा असेल तर भोवती नक्षी कोरून तो नक्षीत जिरवायचा, तोही फेरीमन. लाकूड एक, कारागीर एक, छप्पर एक. पण धर्मतल्ल्याचे दुकानदार शपथेवर सांगत की फेरीमन ही वेगळीच कंपनी, आणि गिऱ्हाइके म्हणत की तिचा धूर कडू लागतो. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून दोन्ही पाइप ओढायला द्यावेत असे माझ्या फार मनात होते. सासऱ्यांनी हात जोडले म्हणून राहिले.

लुकण भरलेल्या पाइपाला ओल्ड जेटीचा ठसा कधीही लागणार नाही, हा मात्र त्यांचा नियम होता आणि तो सगळ्या बाजाराला ठाऊक होता.

३. एका विश्वकर्मा पूजेला सासऱ्यांनी दोन्ही मुलांना स्वतः घडवलेला एकेक पाइप दिला. थोरले अरुणभावजी, त्यांना ओल्ड जेटी. धाकटे माझे पती मधुकर, त्यांना फेरीमन. सगळ्या कारागिरांसमोर. मधुकरांनी तो पाइप कपाटात ठेवला, कधी पेटवला नाही, आणि कारखाना सोडून बँकेत नोकरी धरली. भावाशी बोलणे सणावारापुरते राहिले. "मी या घरातला फेरीमन, सरोज," असे ते मला एकदाच म्हणाले. तीच समजूत घेऊन ते गेले. हे लिहितानाही मला वाईट वाटते आहे.

४. अरुणभावजींचा मुलगा निखिल एका मोठ्या कंपनीत आहे आणि पाइपाचा शौकीन आहे. जुन्या ओल्ड जेटीला हल्ली संग्राहक फार विचारतात म्हणे. गेल्या दुर्गापूजेत तो वडिलांचा पाइप घेऊन आला आणि माझ्याकडचे दोन्ही ठसे मागू लागला. ट्रंकेतल्या फेरीमनांवर ओल्ड जेटी उमटवायचा त्याचा विचार.

"काकू, लाकूड तेच, हात तोच. फरक फक्त ठशाचा!"

"मग फेरीमन म्हणूनच वीक की," मी म्हटले.

वाद वाढू लागला तेव्हा तेजस्विनीने दोन्ही भावांचे पाइप उचलले आणि दवाखान्यात नेऊन त्यांचे एक्स-रे काढले. परत आली ती हसू दाबत. "आई, काकांच्या पाइपाची दाढ भरलेली आहे." अरुणभावजींच्या ओल्ड जेटीत लुकणाचा ठिपका स्वच्छ दिसत होता. मधुकरांच्या फेरीमनमध्ये काही नव्हते. निखिलने वडिलांचा पाइप हातात घेऊन फिरवला. मग म्हणाला, "बाबा पाइप नेहमी ठसा वर दिसेल असा धरायचे."

त्याच्या मते आजोबांकडून चुकून ठशांची अदलाबदल झाली. मला ते पटत नाही. थोरल्याला बाजारात उभे राहायचे होते म्हणून त्याला नाव दिले आणि धाकट्याला लाकूड दिले, असे मी समजते. पण मग तोंडाने सांगायला काय झाले होते? या एका गोष्टीसाठी सासऱ्यांचा मला अजून राग येतो.

५. सबब, ट्रंकेतील सर्व पाइप आणि फेरीमनचा ठसा निखिलला द्यावा. त्याने ते फेरीमन म्हणूनच विकावेत, आणि फेरीमन कोण हे घेणाऱ्याला सांगावे. ओल्ड जेटीचा ठसा तेजस्विनीने ठेवावा व कोणालाही उसना देऊ नये. निखिलने मनाला लावून घेऊ नये. त्याच्यावर माझा जीव आहे, ठशाच्या बाबतीत भरवसा नाही.

६. राहिला मधुकरांचा पाइप. दातांची फिल्म लहान असते. पाइपाचा तळ तिच्यात आलेला नाही, म्हणजे प्रयोग अपुरा आहे. आत खोट असेल तर लाकूड तिथे जळून भोक पडते. म्हणून माझे दिवस झाल्यावर निखिलने हा पाइप पेटवावा व अधूनमधून ओढत राहावे. तेजस्विनी दातांवर भाषण देईल, ते ऐकून घ्यावे. निकाल लागेल तो मधुकरांच्या फोटोसमोर सांगावा. त्यांना शेवटी कमी ऐकू येत होते, तेव्हा मोठ्याने सांगावा.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला आहे. साक्षीदार घोषालबाबूंना मराठी येत नाही, म्हणून त्यांना बांगलात समजावून दिला. ते म्हणाले, "बौदी, आजकेइ ज्वालिये देखुन ना!" आजच पेटवून बघायला काय हरकत आहे, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. मी त्यांना सांगितले की हे उत्तर मला एकटीने ऐकायचे नाही. माझा फोटो मधुकरांच्या शेजारी लावावा.

सही : सरोज मधुकर बेहेरे

आमच्यासमक्ष सही केली, आम्हीही त्यांच्यासमक्ष केली :
१. शंतनु घोषाल, शेजारी
२. विजया पेंढारकर, मैत्रीण

स्थळ : भवानीपूर, कोलकाता
दिनांक : १२ जानेवारी २०२५